म्हैस मजेत आहे

"आमच्या तिकडे हे वेगळ्या पद्धतीनं शिकवायचे, बाई," मी म्हणाले.

हे वाक्य मी खाली बघून, अतिशय नम्रपणे म्हणत असे. आधीच्या शाळांत त्यानं मला कधी दगा दिला नव्हता. नव्या शाळेतले मास्तर ते ऐकून एकतर वैतागायचे नाहीतर दबून जायचे, आणि काहीही झालं तरी मला खाली बसवायचे. फडतरे बाई वैतागल्याही नाहीत आणि दबल्याही नाहीत. त्यांनी खडू माझ्यापुढं धरला.

"मग तिकडच्या पद्धतीनं कर की. आम्हीपण शिकू."

फळ्यावर नऊशे छत्तीस भागिले चार असं लिहिलेलं होतं. मी सहावीत होते. वर्गात सगळ्यांत उंच, बूट-मोजे घालून येणारी एकटीच, आणि प्रार्थनेला सावधानमध्ये अशी ताठ उभी राहणारी, की कवायतीचे सर इतरांना माझ्याकडं बोट दाखवायचे. आणि मला भागाकार येत नव्हता. म्हणजे अवघड भागाकार येत नव्हता असं नाही, भागाकारच येत नव्हता.

मी फळ्यावर आधी एक सुबक चौकट काढली. वेळ काढायला चौकटीसारखं काही नाही. मग तीन खाने पाडले, प्रत्येकात एकेक आकडा बसवला आणि उजवीकडून सुरुवात केली. सहातून चार गेले, दोन उरले. तिनातून चार जात नव्हते, म्हणून तिथं शून्य दिलं. नवातून चार गेले, पाच. उत्तराखाली दोन रेघा मारून मी पाचशे दोन असं लिहिलं आणि हाताचा खडू झटकला.

वर्ग गप्प होता. एवढ्या आत्मविश्वासानं चुकलेलं त्यांनी आधी पाहिलं नसावं. मग दुसऱ्या बाकावरून मंदाकिनी साळुंखेचा विचारात पडलेला आवाज आला.

"बाई, ह्या पद्धतीनं चौघींत शेंगा वाटल्या, तर शेंगा वाढत्यात."

सगळे फिदीफिदी हसले. बाई हसल्या नाहीत. माझं अक्षर चांगलं आहे असं म्हणाल्या, फळा पुसला आणि शाळा सुटल्यावर भेटायला सांगितलं. मी जागेवर जाऊन बसले आणि मंदाचा जन्मभर सूड घ्यायचं ठरवलं.

तर या भागाकाराचं झालं होतं असं. पप्पा फौजेत हवालदार. त्यांची बदली होईल तशी आम्ही ट्रंका भरायचो. तिसरीत मी बेळगावला होते, तिथं भागाकार दिवाळीनंतर होणार होता. दिवाळीत आम्ही झाशीला गेलो, तर तिथं तो पावसाळ्यातच उरकला होता. चौथीत तो येतो असं धरून चालले होते. पुढं जोधपूरला मी शेजारणीच्या वहीत बघायला शिकले आणि ते मला उत्तम जमलं. उलट झाडाची पानं अन्न कसं तयार करतात हे मात्र मी तीन राज्यांत तीनदा शिकले होते. पानाच्या बाबतीत मला हरवणारं त्या जिल्ह्यात कुणी नव्हतं.

मग पप्पांची बदली बर्फातल्या एका पोस्टवर झाली. तिथं कुटुंब नेता येत नाही. आम्ही क्वार्टर सोडलं आणि आई, मी आणि आमच्या ट्रंका सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, पिंपरणीला, आजीकडं आलो. पिंपरणीत घराआड एक माणूस फौजेत. त्यामुळं फौजीची मुलगी म्हणून इथं आपला दबदबा असेल हा माझा अंदाज पहिल्याच दिवशी चुकला. अर्धा वर्ग फौजींचाच होता.

गावात फोन पोपटशेठच्या दुकानात. रविवारी सकाळी तिथं बायका-पोरांची रांग लागायची, कारण तिकडून माणसांचे फोन यायचे. ज्याचं नाव पोपटशेठ पुकारेल त्यानं पुढं व्हायचं आणि सगळ्या रांगेच्या देखत बोलायचं. आमच्या घरचा या बाबतीत एकच नियम होता, आणि तो आईनं केलेला होता. फोनवर रडगाणं गायचं नाही. माणूस तिथं बंदूक घेऊन उभा असतो, त्याच्या डोक्याला इथला भुंगा लावायचा नाही.

हा नियम मी आईपेक्षाही मनावर घेतला. आजीचा पाय मोडला तेव्हा मी फोनवर सांगितलं की आजी देवळात गेलीय. आमची म्हैस आषाढात पान लागून, म्हणजे साप चावून, मेली, तर मी सांगितलं की म्हैस मजेत आहे. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण पप्पांना म्हशीचं फार होतं, ते खोदून खोदून विचारायचे. मग मी तिचं दूध वाढवलं. भाद्रपदात तिला रेडकूसुद्धा झालं. आई शेजारी उभी राहून मला चिमटे काढत होती, पण रांगेतल्या बायका कौतुकानं बघत होत्या, आणि कौतुक दिसलं की मला थांबता यायचं नाही.

त्याच ओघात एका रविवारी मी गणितात पहिली आले.

पप्पा तिकडं भलतेच खूश झाले. मग म्हणाले, "वैजू, देवच पावला बघ. बढतीच्या परीक्षेला मला गणित आहे. माझं शिक्षण तुला माहीत आहे. संक्रांतीला सुट्टीवर येतो, तेव्हा तू माझ्याकडून करून घे. मी इथं पोरांना सांगून टाकतो, माझी मास्तरीण घरातच आहे म्हणून."

परीक्षा पास झाले तर पप्पा नायब सुभेदार होणार होते. पुढची बदली शांत ठिकाणी झाली तर आम्हाला पुन्हा क्वार्टर मिळणार होतं आणि आम्ही सगळे एका घरात राहणार होतो. ते सगळं आता माझ्या भागाकारावर येऊन टेकलं होतं.

एवढी सगळी पार्श्वभूमी घेऊन मी शाळा सुटल्यावर फडतरे बाईंसमोर उभी राहिले. त्या व्हरांड्यात चपला घालत होत्या.

"खड्डा तिसरीतला का चौथीतला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कसला खड्डा.

"भागाकाराचा. माझ्याकडं दर वर्षी क्वार्टरातनं परत आलेली पोरं येतात. प्रत्येकाच्या रस्त्यात एक खड्डा असतोच. कुणाचे अपूर्णांक राहिलेले, कुणाला जोडाक्षरं येत नाहीत. आणि सगळ्यांच्या तिकडं सगळं वेगळ्या पद्धतीनंच शिकवलेलं असतं." त्या चपलेचा बंद लावत होत्या, माझ्याकडं बघत नव्हत्या, हे त्यांनी मुद्दाम केलं असावं. "बदल्या तू मागितल्या नव्हत्यास. खड्डा पडला यात तुझं काही चुकलेलं नाही. वरून पाचट टाकून तो झाकलास, तर मात्र पाय तुझाच मोडणार."

मला रडू आलं. फौजीची मुलगी रडत नाही अशी माझी समजूत होती, म्हणून मी ते शिंक आल्यासारखं काढलं. बाईंनी रुमाल दिला आणि सर्दीला काढा घे म्हणाल्या.

शनिवारी शाळा सुटली की मागच्या कडुनिंबाखाली बाईंचा एक जादा तास असायचा. पोरं त्याला खड्ड्याचा तास म्हणायची. नियम असा होता की गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं आधी आपल्याला काय येत नाही ते मोठ्यानं सांगायचं. मग काय येतं ते. ज्याला जे येतं त्यानं ते दुसऱ्याला शिकवायचं. बाईंचे मालकही फौजेत होते आणि बाईसुद्धा त्या गोलात बसायच्या. त्यांना सायकल येत नव्हती. आठवीतली दोन पोरं ती पाचवीत असल्यापासून त्यांना शिकवत होती आणि आता त्यांनी आशा सोडली होती.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मला भागाकार थोडासा कच्चा वाटतो."

"येत नाही म्हण," बाई म्हणाल्या.

"येत नाही," मी म्हणाले. कुणी हसलं नाही. पलीकडच्या पोराला घड्याळ कळत नव्हतं, तो हसणार कसा.

मंदाची पाळी आली. ती जन्मापासून गावातच वाढलेली, तिच्या अभ्यासात खड्डा असायचं कारण नव्हतं. ती मातीत काडीनं रेघा ओढत म्हणाली, "मला दादांशी फोनवर बोलता येत न्हाय."

तिचे दादा म्हणजे वडील. ते वर्षातून एकदा यायचे, तिची त्यांच्याशी नीट ओळख व्हायच्या आत परत जायचे. रविवारी मंदा रिसीव्हर कानाला लावून नुसती उभी राहायची. तिच्या श्वासावरून तिकडं जे काय कळेल ते.

बाईंनी आमची जोडी लावली. मंदानं मला भागाकार शिकवायचा आणि मी तिला बोलायला. मला मनापासून आनंद झाला. फोनवर बोलणं हा माझ्या पानांच्या खालोखालचा विषय होता.

मंदा चांगली शिक्षिका निघाली. तिनं खरंच शेंगा आणल्या. आधी मोठा ढीग वाटायचा, मग उरलेला त्याच्या शेजारच्यात मिसळायचा, मग पुन्हा वाटायचा, आणि कुणाला जास्त गेलं तर भांडण होतं हे लक्षात ठेवायचं. दोन शनिवारांत मला कळलं, की भागाकार डावीकडून का करतात. इतकं सोपं होतं, की मला त्याचा रागच आला. नऊशे छत्तीसला चारानं भागून दोनशे चौतीस आले तेव्हा मी ते उत्तर पुन्हा चारानं गुणून पाहिलं, मग मंदाकडून गुणून घेतलं.

माझे धडे जास्त शास्त्रशुद्ध होते. मी तिला क्रम घालून दिला. आधी हवामान, मग अभ्यास, मग जनावरं. प्रत्येकाच्या पुढं 'मजेत' लावायचं. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की समोरचा प्रश्न विचारतो.

"आन ते खोटं असलं तर?" मंदानं विचारलं.

"त्याला खोटं नाही म्हणत," मी म्हणाले. "त्याला धीर देणं म्हणतात."

पुढच्या रविवारी पोपटशेठनं साळुंखे म्हणून पुकारलं. मंदा पुढं गेली, मी तिच्या मागं उभी राहिले. तिनं रिसीव्हर कानाला लावला आणि नेहमीसारखी गप्प झाली. मी तिच्या पाठीत बोट खुपसून कुजबुजले, "म्हैस. म्हैस सांग."

"दादा," मंदा म्हणाली, "आपल्याकडं म्हैस न्हाय."

रांग हसली. मी कपाळाला हात लावला. पण मंदाला आता सुरुवात झाली होती, तिला थांबता आलं नाही. "दादा, मला तुमच्याशी काय बोलावं ते कळत न्हाय. तुमचं तोंड मला फोटोतलंच आठवतं. मी लई येळ इचार करून येते, पर फोन धरला की इसरते."

मंदा बराच वेळ ऐकत होती. मधूनच मान हलवत होती, ती तिकडं दिसत नाही हे तिच्या लक्षात नव्हतं. फोन ठेवून ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"दादा म्हनाले त्यास्नीबी कळत न्हाय," ती म्हणाली. "फोनच्या आदी त्यास्नी घाम फुटतो. पुढच्या रईवारी आमी दोघं मिळून इचार करनार हाय, काय बोलायचं त्याचा."

मी तिचं अभिनंदन केलं, पण मनातून खट्टू झाले. शिष्येनं माझं एक अक्षर ऐकलं नव्हतं आणि ती पास झाली होती. त्यानंतर करांडे म्हणून आमचं नाव पुकारलं गेलं आणि मी पप्पांना सांगितलं की रेडकू आता चारा खाऊ लागलंय. पप्पा म्हणाले, इथंही सगळं ठीक आहे, रोज सफरचंदं खातोय. त्या दिवसांत त्यांचा फोन फार नेमानं आणि फार स्पष्ट यायला लागला होता. देशानं विज्ञानात प्रगती केली असावी, असं मला वाटलं.

संक्रांतीच्या आधी पप्पा यायचे म्हणून घरात धावपळ सुरू झाली. माझा भागाकार तयार होता, आजी काठी घेऊन चालत होती, राहिली फक्त म्हैस. आईनं त्यावर जो उपाय काढला, तो पाहता मी कुणाच्या वळणावर गेले हे उघड होतं. तिनं शेजारच्या गोदाकाकूंची म्हैस पंधरा दिवसांच्या बोलीनं आणली आणि आमच्या गोठ्यात बांधली. रेडकू शेतावर पाठवलंय असं सांगायचं ठरलं.

पप्पा एस.टी.तून उतरले. काळी ट्रंक पोरांनी डोक्यावर घेतली. पप्पा वाळले होते, चेहरा रापला होता, आणि डावा हात जर्किनच्या खिशात होता. आजीच्या पाया पडून ते सरळ गोठ्यात गेले. आमची म्हैस मुऱ्हा होती, तिची शिंगं जिलबीसारखी वळलेली. गोदाकाकूंची पंढरपुरी, तिची शिंगं पाठीपर्यंत तलवारीसारखी गेलेली.

पप्पांनी उजव्या हातानं तिला थोपटलं. "हिची शिंगं सरळ कशी झाली?"

"वयानं होतात," आई म्हणाली.

पप्पा आईकडं बघत राहिले. पण त्यांनी पुढं विचारलं नाही, चहा कर म्हणाले. एरवी म्हशीवरून सगळी कुळकथा काढणारा माणूस एवढ्यावर गप्प बसला, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. आपण सुटलो म्हणून मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात पोतं अंथरून अभ्यासाला बसलो. आई दारात सुपात तीळ निवडत होती. मी मास्तरीण म्हणून घसा खाकरला आणि पहिलं गणित घातलं. पप्पा आकडे लिहू लागले, पण वही सारखी सरकत होती. डावा हात शालीत होता. ते कोपरानं वही दाबायचे, ती पुन्हा निसटायची. भागाकाराची ओळ तिरकी होत होत पोत्यावर गेली.

"वही धरा की पप्पा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा कोपर लावलं. त्यांची मान खाली होती, कपाळावर घाम होता. एवढा मोठा माणूस भागाकाराला घाबरलेला मला बघवेना. मला वाटलं, त्यांना येत नाही आणि ते माझ्यापुढं सांगायची लाज वाटते. मग माझ्या तोंडून आपोआप बाईंचा नियम निघाला.

"पप्पा, आमच्या शाळेत आधी काय येत नाही ते सांगायचं असतं. मी आधी सांगते." मग मी सांगितलं. "मी गणितात पहिली नाही. शाळा सुरू झाली तेव्हा मला भागाकारच येत नव्हता. मंदानं शेंगांवर शिकवला."

आईचे हात सुपावर थांबले. पप्पांनी शालीतून डावा हात काढला आणि वहीवर ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यातच संपत होतं. कातडी नवी होती, गुलाबी.

"आता सरकायची नाही," ते म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. बर्फानं जळली. दवाखान्यात होतो. पोस्टवरून खाली आणलंय आता, तिथं परत पाठवणार नाहीत, नोकरी शाबूत आहे. "सफरचंदं खरी होती," ते म्हणाले. "दवाखान्यात मिळायची."

मी त्या हाताकडं बघत होते आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच येत होतं, की ते तिकडं पट्ट्या बांधून पडलेले असताना मी त्यांना रेडकाचा चारा सांगत होते. या वेळी शिंकेचा उपयोग नव्हता. मी सरळ भोकाड पसरलं.

आई उठली. तीळ पोत्यावर सांडले. ती पप्पांच्या समोर येऊन बसली, तो हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ नुसता धरून ठेवला. मग म्हणाली, "ती म्हैस गोदाकाकूंची आहे. आपली आषाढात गेली."

"ते शिंगांवरनं कळलं," पप्पा म्हणाले. "आणि रेडकू?"

"ते झालंच नाही," मी हुंदके देत म्हणाले.

"मी त्याचे पेढे वाटले की गं पलटणीत."

आधी आई हसली. मग पप्पा. मग आतून आजीनं विचारलं, काय झालं म्हणून, आणि तिला सांगता सांगता मीही हसायला लागले. त्या दुपारी अभ्यास झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून झाला. पप्पांना अपूर्णांक येत नव्हते, ते मलाही येत नव्हते, म्हणून मंदाला बोलावलं. ती शेंगा घेऊन आली आणि हवालदार करांड्यांना शेंगा तोंडात टाकल्याबद्दल दोनदा रागावली.

सुट्टी संपली, पप्पा गेले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही पोपटशेठच्या दुकानात रांगेत उभ्या होतो. मी मनात तयारी करून आले होते. भूगोलात मी नापास झाले होते आणि ते आधी सांगायचं, मग बाकीचं, असं ठरवलं होतं. हे सांगून आपण पप्पांना किती धक्का देऊ आणि रांगेतल्या बायका किती कौतुक करतील, याचाही थोडा विचार केला होता.

करांडे म्हणून पुकारल्यावर मी पुढं झाले, पण रिसीव्हर आईनं घेतला. आई फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नसे. बरं आहे, काळजी घ्या, आणि रिसीव्हर माझ्याकडं.

"अहो," आई म्हणाली, "आत्याबाईंचा मोडलेला पाय पुन्हा सुजलाय. स्वयंपाकघराचं एक कौल फुटलंय." मग ती थांबली. मागं सगळी रांग होती, पोपटशेठ होता, पानाला चुना लावणारे दोन म्हातारे होते. आईनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि त्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आणि तुम्ही गेल्यापासून मला अजिबात करमत नाही."

पोपटशेठ तराजूशी उगाच चाळा करू लागला. रांगेतली एक बाई डोळ्यांना पदर लावत होती, तिच्या मागची तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. आई ऐकत होती. तिकडून शब्द येत नसावेत, कारण ती मधून मधून फक्त "हं, हं, असू द्या" एवढंच म्हणत होती.

मग तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी मोठ्यानं, स्पष्ट सांगितलं की मी भूगोलात नापास झालेय. पण पप्पा तिकडं रडत होते, आणि माझ्या भूगोलाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.